'द लंचबॉक्स'चा शेवट: साजन पोचला, उशीर झाला, की तो प्रश्नच नाही?

सोसायटीच्या हॉलमध्ये किंवा चार मित्रांच्या घरी 'द लंचबॉक्स' (२०१३) लावला की दिवे लागल्याबरोबर पहिला प्रश्न ठरलेला: मग भेटले का ते? 'ज्याचं त्यानं ठरवावं' म्हणून सुटता येत नाही, निदान नागपुरात तरी नाही. इथे पोह्यावर तर्री किती घ्यावी यावरही माणूस ठाम असतो. तुम्हाला सिनेमावर बोलायचं असेल, किंवा नुसतं स्वतःचं मन बनवायचं असेल, तर प्रेक्षक लावतात ते अर्थ शेजारी शेजारी ठेवून बघू. सिनेमा पाहिला नसेल तर इथेच थांबा.

आधी पडद्यावर नेमकं काय आहे तेवढं. इला नवऱ्यासाठी पाठवते तो डबा चुकून साजनच्या ऑफिसातल्या टेबलावर जातो, आणि त्या डब्यातूनच दोघांची पत्रं सुरू होतात. साजन फर्नांडिस (इरफान खान) निवृत्त होऊन नाशिकला निघतो आणि परत फिरतो. इला (निम्रत कौर) दागिने विकते, मुलीला घेऊन भूतानला जायचं ठरवते आणि त्याला पत्र लिहिते. तिच्या समजुतीनं तो नाशकात आहे. तो मात्र मुंबईच्या लोकलमध्ये, भजन म्हणणाऱ्या डबेवाल्यांच्या घोळक्यात. इला घरी, मुलगी शाळेतून यायची वाट बघत. दिग्दर्शक रितेश बत्रा इथे हात आखडता घेतात.

तो पोचतो

हा अर्थ भाबडा समजला जातो. आमच्या धरमपेठेतल्या मंडळींत तो मांडला की 'तुम्हाला गोड शेवटच पाहिजे' असा शेरा मिळतो. पण तिन्हींत सगळ्यात जास्त पुरावा याच अर्थाच्या बाजूनं आहे, आणि तो भावनेचा नाही, डब्याचा आहे.

आपल्याकडे डबा म्हणजे मेसचा, पोरगं सायकलवर आणून देतं तो. नाहीतर बायकोनं सकाळी पिशवीत घालून दिलेला. त्यामुळे मुंबईचा डबा परत कसा जातो, याकडे नागपूरकराचं लक्षच जात नाही. १८९० च्या सुमारास महादेव हावजी बच्चे यांनी सुरू केलेली ही व्यवस्था दोन्ही बाजूंनी चालते. सकाळी घरून डबा उचलायचा, स्टेशनवर वर्गवारी करायची, लोकलनं न्यायचा, झाकणावरचे रंग आणि आकडे-अक्षरं बघून दुपारी टेबलावर ठेवायचा. जेवणं झाली की रिकामा डबा त्याच साखळीनं उलटा, ज्या दारातून निघाला त्याच दारात.

आता साजनकडे बघा. इलाचा पत्ता त्याला माहीत नाही, पण पत्ता लागतोच कशाला? त्याच्या टेबलावर येणारा डबा परत कुठे जातो, हे डबेवाल्यांना ठाऊक आहे. त्यांच्यासोबत बसून राहिलं की झालं. आणि रिकामे डबे घरी पोचायची वेळ दुपारची, म्हणजे साधारण शाळा सुटायचीच. इला त्याच वेळी घरात आहे. दोन्ही दृश्यं एकाच दुपारची मानली, तर तो तिच्या दिशेनं येतोय एवढंच नाही, वेळेवर येतोय.

यातली गंमत अशी की हा रस्ता चुकीमुळेच उघडा राहिला. इला मध्येच डबेवाल्याला सांगते की डबा भलतीकडे जातोय. तो मानायलाच तयार नाही; आमचं काम बघायला हार्वर्डहून लोक आले होते, असं तिलाच ऐकवतो. त्यानं त्या दिवशी मुकाट्यानं चूक दुरुस्त केली असती, तर साजनच्या टेबलापासून इलाच्या दारापर्यंत जाणारी वाटच बंद झाली असती. 'चुकीची गाडीसुद्धा कधी कधी बरोबर ठिकाणी नेते' हे साजनच्या ऑफिसातल्या शेखचं वाक्य सगळ्यांना पाठ असतं. हा डबा मात्र वादात कुणी काढत नाही.

उशीर होतो

या बाजूचे लोक साजनचा स्वभाव पुढे करतात, आणि त्यात तथ्य आहे. पहिल्या भेटीच्या दिवशी हा माणूस हॉटेलपर्यंत जातो, तिला बघतो, आणि जवळ जात नाही. सकाळी बाथरूममध्ये त्याला आजोबांचा वास आलेला असतो, गाडीत एका तरुणानं उठून जागा दिलेली असते. पर्स चाळवत, पाणी पीत बसलेली इला त्याला इतकी तरुण दिसते की तो मागच्या मागे निघून जातो. कालचं लॉटरीचं तिकीट कोण विकत घेतं, असं मग तिला लिहितो. असा माणूस शेवटच्या दारातही कचरेल, असं यांचं म्हणणं. शिवाय संकलन कुठेही हमी देत नाही की तिची दुपार आणि त्याची लोकल एकाच दिवसाची आहे.

हा दुसरा मुद्दा मला मान्य. पहिला नाही. कारण नाशिकच्या गाडीत त्याच्या शेजारी एक म्हातारा बसलेला आहे, आणि त्याच्याकडे बघताना साजनला स्वतःचीच पुढची वर्षं दिसतात. हॉटेलात वय बघून तो पळाला; गाडीत वय बघूनच परत फिरला. कारण तेच, दिशा उलटी. पटकथा इतकी नेटकी बांधली असताना तिसऱ्यांदा त्याला पुन्हा भित्रा ठरवायचं, तर मधली गाडी कापून टाकावी लागेल.

(विदर्भ एक्स्प्रेसनं जाणाऱ्या आपल्या माणसाला नाशिक रोड आलं की मुंबई आली असं वाटतं, तो बॅगा आवरायला लागतो. साजनचं नाशिक म्हणजे मुंबई संपली, सगळंच संपलं. हा फरक नागपुरात बसून बघताना निसटतो.)

साजनचा प्रवास हे सगळं स्वप्नच, असाही एक अर्थ कुणीतरी काढतंच. सिनेमात आधी कुठे स्वप्नं दाखवलेली नाहीत, मग शेवटच्या चार मिनिटांतच का? पुढे जाऊ.

भेट हा प्रश्नच नाही

हा सध्या सगळ्यात शहाणा समजला जाणारा अर्थ. इला निर्णय घेते तेव्हा साजन परत येतोय हे तिला माहीत नाही. मंगळसूत्र ती कुणाच्या भरवशावर विकत नाही. म्हणजे गोष्ट तिच्या बाहेर पडण्याची आहे. तो आला काय, न आला काय.

याला एक भक्कम आधार आहे, देशपांडे आंटी. वरच्या मजल्यावरची ही बाई आपल्याला एकदाही दिसत नाही. भारती आचरेकरांचा आवाज येतो, खिडकीतून टोपली खाली येते, आणि तेवढ्यावर ती अख्ख्या सिनेमात सगळ्यात जिवंत वाटते. माणूस दिसला नाही तरी सोबत असू शकतो, हे सिनेमा सुरुवातीपासून दाखवतोय. मग शेवटी दोघांना एका चौकटीत दाखवा, ही मागणी जरा उशिराच झाली.

तरी एवढाच अर्थ घेतला तर साजनचं लोकलमधलं बसणं फुकट जातं. आणि 'शेवट मोकळा सोडलाय हेच त्याचं सौंदर्य' अशी वाक्यं ऐकली की मला बोलणाऱ्यानं शेवट नीट पाहिला की नाही अशी शंका येते. मोकळा सोडलाय खरा, पण सगळीकडून नाही.

मग ठरवायचं काय?

पोचणं आणि सोबत जाणं हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि वाद बहुतेक वेळा ते एकत्र केल्यामुळे वाढतो. पहिल्याचं उत्तर सिनेमा देतो: डबे परत जातात, तोही जातो. दुसऱ्याचं देत नाही. आमच्याकडे एका काकूंनी अख्ख्या चर्चेवर पाणी ओतलं ते इथेच. "पोचला त पोचला. पण तिनं काऊन जावं त्याच्यासंग?"

काकूंचा प्रश्न खरा आहे. साजननं पत्रातून 'मीही भूतानला आलो तर?' असं विचारलं, तेव्हा तिनं त्याला पाहिलेलंही नव्हतं. एका नवऱ्याच्या शर्टाला दुसऱ्या बाईचा वास येतो म्हणून निघालेली बाई लगेच दुसऱ्या पुरुषाचं घर मांडेल, हे गृहीत का धरायचं? शिवाय भूतानचा तिचा हिशोब ऐकीव आहे. आपला एक रुपया तिकडे पाचासारखा चालतो, असं ती धरून चालते. भूतानचं चलन नुल्ट्रम हे भारतीय रुपयाशी एकास एक बांधलेलं आहे. दागिन्यांचे पैसे तिच्या अंदाजापेक्षा बरेच लवकर संपतील. दारात पेन्शनवाला माणूस उभा आहे, हे त्या वेळी गणितात धरायला हरकत नसावी. काकूंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मंग पेन्शन बघून जाईन, प्रेम बघून नाही." यावर उत्तर सुचलं नाही, पण त्यांचा मुद्दा इलाला बराच शोभतो.

तेव्हा बोलायला उभं राहायचं असेल तर पहिला अर्थ घ्या आणि डब्याच्या परतीच्या प्रवासापासून सुरू करा. हॉल जागा राहतो. कॉलेजच्या पोरांसमोर असाल तर तिसरा घ्या, पण आंटी आणि मंगळसूत्र दोन्ही दाखवून, नाहीतर ते नुसतं भाषण होतं. दुसरा अर्थ मनात धरायचा असेल तर खुशाल धरा. फक्त पुढच्या वेळी नाशिकच्या गाडीतला तो म्हातारा आला की रिमोटला हात लावू नका.