कोपऱ्यातला टोस्ट: टोस्टर, नोटिफ, टोस्टिफाय की स्वीटअलर्ट २?

फॉर्म जतन झाला, लिंक कॉपी झाली, फाइल चढली. एवढंच कळवायचं असेल तर वापरणाऱ्याचं काम अडवणारी चौकट कशाला? कोपऱ्यात क्षणभर दिसून जाणारा टोस्ट पुरतो. वेबपानासाठी तयार स्क्रिप्ट ढीगभर आहेत, पण निवडताना बहुतेक वेळा टोस्टर, नोटिफ, टोस्टिफाय आणि स्वीटअलर्ट २ याच चार समोर येतात. (परवानगी मागून ब्राउझरमार्फत येणाऱ्या पुश सूचना हा वेगळाच विषय.)

डेमोत चौघीही छान दिसतात, त्यामुळे डेमोवरून निवडू नका. खरा फरक खालच्या रकान्यांत आहे.

| | टोस्टर | नोटिफ | टोस्टिफाय | स्वीटअलर्ट २ |
|---|---|---|---|---|
| जेक्वेरी (जावास्क्रिप्टची जुनी लायब्ररी) | हवीच | नको | नको | नको |
| मुळातला अवधी | ५००० मिलिसेकंद | २००० | ३००० | टायमर द्याल तेवढा |
| एकावेळी अनेक | हो | हो | हो | नाही |
| मजकुरातला एचटीएमएल | जसाच्या तसा चालतो | जसाच्या तसा चालतो | मुळातच निष्प्रभ | शीर्षकात चालतो |
| टोस्ट पानाच्या कुठल्या घटकात टाकायचा ते ठरवता येतं | हो | नाही | हो | हो |

चौथी ओळ सर्वांत महत्त्वाची. 'अमुक यांची टिप्पणी जोडली' या वाक्यातलं नाव वापरणाऱ्यानेच भरलेलं असतं. त्या नावात कोणी स्क्रिप्ट चालवणारा टॅग घातला, तर टोस्टर आणि नोटिफ तो पानात उतरवतात. टोस्टरमध्ये असे टॅग निष्प्रभ करणारा 'एस्केप-एचटीएमएल' हा पर्याय आहे, पण तो मुळात बंद असतो. पहिल्याच दिवशी चालू करा. नोटिफला मजकूर देण्याआधी तो तुम्हालाच साफ करावा लागतो. स्वीटअलर्टमध्ये 'टायटल'ऐवजी 'टायटल-टेक्स्ट' वापरलं की काम झालं. टोस्टिफायमध्ये ही काळजी आधीच घेतलेली आहे, आणि माझ्या मते एवढ्या एका कारणासाठीही तिचं नाव यादीत वर यायला हवं.

आता एकेक. टोस्टर जुनी, पण सेटिंगांनी भरलेली. माऊस वर असेपर्यंत टोस्ट थांबतो आणि माऊस काढल्यावर आणखी १००० मिलिसेकंद राहतो. तोच संदेश लागोपाठ आला तर दुसरा गाळायची सोयही आहे. साइटवर जेक्वेरी आधीपासून असेल तर टोस्टर बिनधास्त घ्या. फक्त टोस्टसाठी जेक्वेरी आणणं मात्र परवडणारं नाही. दोन अडचणी हमखास येतात. जेक्वेरीच्या आधी टोस्टरची फाइल जोडली तर पान उघडताना काहीच तक्रार येत नाही; पहिला टोस्ट दाखवायला गेलात की 'एक्स्टेंड' सापडत नसल्याची त्रुटी कन्सोलमध्ये दिसते. दुसरी अडचण बूटस्ट्रॅप या तयार शैलींच्या संचाची. त्याच्या ४.२ आवृत्तीपासून 'टोस्ट' नावाचा क्लास त्यात आहे आणि टोस्टरही तेच नाव वापरतो, म्हणून सूचना फिकट, पारदर्शक दिसते. 'टोस्ट-क्लास' या पर्यायात 'टोस्टर' असं वेगळं नाव दिलं की रंग जागेवर येतात.

नोटिफ अगदी हलकी. यश आणि चूक असे दोन प्रकार तयार मिळतात, बाकीचे रंग-आयकॉन देऊन घडवता येतात. मुळातला दोन सेकंदांचा अवधी चार शब्दांपुरता ठीक. त्याहून मोठ्या वाक्याला ४००० तरी द्या. माऊस नेल्यावर घड्याळ थांबवायचा पर्याय मात्र नाही. नोटिफची वस्तू (ऑब्जेक्ट) तयार होताच तिचा डबा, म्हणजे टोस्ट ठेवायचा घटक, पानाच्या बॉडीत जोडला जातो, म्हणून ती ओळ बॉडीच्या आधीच्या हेडमध्ये लिहिली तर बॉडीच सापडत नाही. शिवाय प्रत्येक क्लिकला नवी वस्तू तयार केलीत तर पानात डब्यांवर डबे साचतात आणि टोस्ट एकमेकांवर चढतात. वस्तू एकदाच तयार करा आणि सगळीकडे तीच वापरा.

टोस्टिफायमध्ये तयार प्रकार नाहीत. हिरवा, लाल काय ते स्वतः क्लास देऊन ठरवा. अवधी उणे १ दिला की टोस्ट बंद करेपर्यंत राहतो, आणि माऊस वर असताना घड्याळ थांबतं. नव्या साइटवर दुसरं काही अडत नसेल तर मी हीच घेईन.

स्वीटअलर्ट २ मुळात मोठ्या चौकटींसाठी आहे. 'टोस्ट' हा तिचा एक पर्याय. 'खात्री आहे का?' विचारणाऱ्या चौकटींसाठी ती आधीच वापरात असेल तर दुसरी लायब्ररी नको. नुसत्या टोस्टसाठी ती जड पडते. शिवाय नवा टोस्ट आला की आधीचा जातो. पाच फाइल एकदम चढवल्या तर शेवटचीच सूचना हाती लागते. कडक सीएसपी (पानात काय चालू द्यायचं ते ब्राउझरला सांगणारे सुरक्षानियम) असलेल्या साइटवर तिची 'ऑल' फाइल घेऊ नका. ती शैली (सीएसएस) स्वतःच पानात घुसवते आणि ब्राउझर ती अडवतो. सीएसएस वेगळी जोडा.

तक्त्यातली शेवटची ओळ पहिल्यांदा वाचताना किरकोळ वाटते, पण डायलॉग उघडा असताना तिची खरी गरज कळते. 'शो-मोडल'ने उघडलेला डायलॉग ब्राउझरच्या सर्वांत वरच्या थरात जातो. टोस्टला झेड-इंडेक्स (कोण कोणाच्या वर दिसेल तो क्रम) ९९९९९९ दिला तरी तो मागेच राहतो. डबा पॉपओव्हर (त्याच वरच्या थरात उघडणारा घटक) करून डायलॉगनंतर उघडला तर टोस्ट दिसतो खरा, पण डायलॉगबाहेरचं सगळं निष्क्रिय असल्यामुळे त्यावरचं बंद करायचं बटण दाबलं जात नाही. सरळ उपाय म्हणजे टोस्ट डायलॉगच्या आतच टाकणं. त्यासाठी टोस्टर व स्वीटअलर्टमध्ये 'टार्गेट' आणि टोस्टिफायमध्ये 'सिलेक्टर' आहे. टोस्टर मात्र पानात आधीचा डबा असला की तोच पुन्हा वापरतो, म्हणून डब्याचा आयडीही बदला. डायलॉगवर 'ट्रान्सफॉर्म' (सरकवणारा-फिरवणारा सीएसएस गुण) लावलेला असेल तर टोस्टचा कोपरा पडद्याऐवजी डायलॉगचा धरला जातो, हेही तपासून पाहा.

गरज फक्त 'कॉपी झालं' एवढीच असेल तर लायब्ररीही नको. 'स्टेटस' हा रोल (स्क्रीन रीडरला बदल कळवणारी खूण) दिलेला एक रिकामा डिव्ह पान उघडतानाच ठेवा आणि नंतर टेक्स्ट-कंटेंटने मजकूर भरा. डिव्ह आणि मजकूर एकाच वेळी पानात घातले तर काही स्क्रीन रीडर ते वाचतच नाहीत. हालचाल कमी ठेवायची सेटिंग ज्यांनी चालू केली आहे त्यांच्यासाठी सरकण्याचं ॲनिमेशन बंद करा.

लायब्ररी कुठलीही असो, 'पैसे भरले गेले नाहीत' किंवा 'पासवर्ड चुकला' असल्या गोष्टी टोस्टवर टाकू नका. वाचायच्या आत निघून गेलेला संदेश परत आणता येत नाही, आणि टॅब मागे असतानाही टायमर चालूच राहतो. अशी चूक फॉर्ममधल्या त्या रकान्याशेजारीच लिहा.

फॉर्म पाठवल्यावर दुसरं पान उघडत असेल, तर आधीच्या पानावरचा टोस्ट त्याच्याबरोबरच जातो. संदेश सेशन स्टोरेजमध्ये (ब्राउझरच्या तात्पुरत्या साठवणीत) ठेवा, नवं पान तयार झालं की दाखवा आणि लगेच तिथून पुसा. पुसायचं राहिलं तर प्रत्येक रिफ्रेशला 'जतन झालं' पुन्हा झळकतं, आणि वापरणारा घाबरून यादीत दोनदा नोंद झाली का ते तपासत बसतो.