‘आर्मी ग्रेड’ टॉर्चच्या नावाखाली फसवणूक: जवानासाठी टॉर्च घेताना

सुट्टी संपत आली की घरचे जवानाच्या ट्रंकेत काही ना काही भरून देतात आणि त्यात टॉर्च हमखास असते. साताऱ्याजवळच्या अपशिंग्यासारख्या किंवा शिरोळ तालुक्यातल्या सैनिक टाकळीसारख्या फौजी गावांत ही खरेदी घरोघरची. मोबाइलवर जाहिरात येते: ‘आर्मी ग्रेड’, ‘१,००,००० लुमेन’ (प्रकाशाचं माप), ‘९९०० एमएएच’ (सेलची साठवणक्षमता), ४,९९९ खोडून ९९९ रुपये. पार्सल येतं, रात्री अंगणात लावून पाहिलं की समोरचं झाड लख्ख दिसतं, सगळे खूश. परत करण्याची मुदत सात-दहा दिवसांची, आणि तोवर टॉर्च ट्रंकेतून बाहेरही निघत नाही. ती खरी वापरात येते पोस्टवर, म्हणजे चौकीवर, पोचल्यावर. तिथे आठवडाभरात बंद पडली, तर लडाखमधून परत पाठवणार कोण? विक्रेत्याचा हिशोब नेमका याच अंतरावर बसलेला असतो.

लबाडी सगळ्यात आधी सेलमध्ये सापडते. अशा टॉर्चमध्ये बहुधा १८६५० सेल असतो, म्हणजे १८ मिलिमीटर व्यास आणि ६५ मिलिमीटर लांबीचा लिथियम-आयन सेल. एवढ्या डबीत नामांकित कंपन्याही साधारण ३५०० एमएएच बसवतात, अलीकडचे मोजके सेल ४००० च्या आसपास जातात. ९९०० हा आकडा सरळ खोटा. (५००० हवे असतील तर सेल २१७०० मापाचा लागतो, तो जाडही असतो आणि लांबही.) अशा बनावट सेलचं वेष्टण सोलल्यावर आत लहान सेल निघतो, नाहीतर लॅपटॉपच्या जुन्या पॅकमधून काढलेला थकलेला सेल. ओळख पटवायला सराफाचा काटा पुरे: खरा १८६५० साधारण ४५ ते ५० ग्रॅम भरतो. ३० ग्रॅम भरला तर पुढे काही तपासायची गरज नाही. उलट वजन बरोबर भरलं म्हणून सेल खरा ठरत नाही, कारण काही जण आत भुकटी भरून वजन जुळवतात.

लुमेनचा दावा वहीत हिशोब मांडून पाडता येतो. ३.६ व्होल्ट आणि ३५०० एमएएचच्या सेलमध्ये १२.६ वॅट-तास ऊर्जा असते. चांगली टॉर्च एका वॅटमागे साधारण १०० लुमेन देते. म्हणजे एका सेलवर १००० लुमेन जेमतेम सव्वा तास. ‘१०,००० लुमेन, १२ तास’ खरं करायचं तर १२०० वॅट-तास लागतील, म्हणजे असे ९५ सेल, नुसतं सेलचंच वजन साडेचार किलो. लाख लुमेनचं तर बोलायलाच नको. गाडीच्या हेडलाइटचा नेहमीचा एच-४ हॅलोजन बल्ब हाय बीमला सुमारे १६५० लुमेन देतो.

प्रामाणिक उत्पादक खोक्यावर टॉर्च मोजण्याच्या एफएल-१ या मानकानुसार आकडे छापतात. तेही समजून वाचावेत. त्यातला ‘रनटाइम’ प्रकाश मूळच्या १० टक्क्यांवर येईपर्यंत मोजलेला असतो आणि ‘अंतर’ म्हणजे जिथे प्रकाश पाव लक्स (लक्स म्हणजे पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाचं माप) उरतो ते टोक, जवळपास पौर्णिमेच्या चांदण्याइतकं. माणूस ओळखू येईल असं अंतर त्याच्या निम्म्याहून कमी धरा. ‘मिल-एसटीडी-८१०’ ही अक्षरं मात्र कुणीही छापू शकतो. त्या अमेरिकी लष्करी मानकात चाचण्यांच्या पद्धती आहेत, त्याचा शिक्का देणारी कुठलीही संस्था नाही. कोणती चाचणी केली ते लिहिलेलं नसेल तर त्या अक्षरांना अर्थ नाही.

मैदानात टॉर्च मरते ती बहुतेक वेळा सांध्यांमुळे. पुढचं तोंड सरकवून ‘झूम’ होणारी टॉर्च घेऊच नका. सरकता भाग प्रत्येक वेळी हवा आत ओढतो आणि हवेबरोबर धूळ आणि ओल. तीन ट्रिपल-ए (रिमोटमधल्या बारीक) सेलच्या प्लास्टिक पिंजऱ्यात सेलचे सहा जोड असतात, एक हलला की अंधार. चांगल्या टॉर्चला दोन्ही बाजूंनी जाड स्प्रिंग असते, आट्यांवर ग्रीस लावलेली रबरी रिंग असते, आणि बहुतेकांचे मागच्या झाकणाचे आटे अॅनोडाइज केलेले, म्हणजे वीज न वाहणारा कडक थर चढवलेले, असतात. ते ओळखायची युक्ती सोपी आहे: टॉर्च लावा आणि मागचं झाकण पाव फेरा सैल करा. प्रकाश गेला तर आटे अॅनोडाइज केलेले आहेत. पिट्टूत (पाठीवरच्या पिशवीत) बटण दाबलं जाऊन टॉर्च आपोआप पेटू नये म्हणून हीच कुलपाची सोय. स्वस्त मालात अॅल्युमिनियमवर नुसता काळा रंग असतो, आणि झाकण सैल करूनही ती पेटलेलीच राहते.

बटणाकडे दुर्लक्ष होतं. प्रत्येक दाबाला हाय, लो, स्ट्रोब (भराभर लुकलुक), एसओएस (मदतीचा इशारा) असा फेरा मारणारी टॉर्च पोस्टवर घातक. नकाशा वाचायला ५ लुमेन पुरतात आणि दाबल्यावर पहिला तोच मंद प्रकाश यायला हवा. लाल प्रकाशाने डोळ्यांची अंधाराची सवय कमी मोडते, पण नकाशावरच्या तपकिरी समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) त्यात दिसेनाशा होतात, आणि नाइट व्हिजन दुर्बिणीतून लाल दिवाही चमकताना दिसतो. ‘लाल मोड, शत्रूला अदृश्य’ ही जाहिरात म्हणूनच धोकादायक आहे. कुठे कोणता दिवा चालेल ते पलटणच ठरवते.

थंडीचं गणित वेगळं. लिथियम-आयन सेल शून्याखाली चार्ज केला तर आत धातूरूप लिथियमचा थर बसतो, क्षमता कायमची घटते आणि आतल्या आत शॉर्ट होण्याचा धोका वाढतो. त्यामुळे लडाखमधल्या द्राससारख्या ठिकाणी, जिथे हिवाळ्यात पारा उणे वीसच्या खाली जातो, सेल अंगाशी उबेत ठेवून मगच चार्जिंगला लावावा. आत कायमचा बसवलेला सेल असला की हे अवघड जातं. साधे अल्कलाइन सेल थंडीत ढेपाळतात आणि पुढे गळतात. डबल-ए (पेन्सिल सेलच्या) मापाचे एकदाच वापरायचे लिथियम सेल उणे ४० पर्यंत चालतात. महाग असले तरी उंचावर जाणाऱ्यासाठी तेच घेणारी टॉर्च निवडावी.

पार्सल आल्यावर खोकं उघडतानाच व्हिडिओ काढा. मग सेल काढून आत टिश्यूपेपर ठेवा, टॉर्च बंद करा आणि अर्धा तास पाण्यात बुडवा. कागद दमट निघाला की आयपीएक्स-७ चा, म्हणजे पाण्यात बुडूनही आत पाणी न शिरण्याचा, दावा खोटा. ती कोरडी करून सेल घाला, रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा आणि सकाळी लावून पाहा. छातीच्या उंचीवरून फरशीवर टाकून पाहण्याची परीक्षा शेवटी, कारण पोचा पडला की परतावा गेला.

‘कॅन्टीनचा माल’, ‘बदली झालीय, आर्मी टॉर्च विकायचीय’ असं सांगून ओळखपत्राचा फोटो पाठवणारा बहुधा भामटा असतो. पैसे ‘घेण्यासाठी’ क्यूआर स्कॅन करून यूपीआय पिन टाकायला सांगितला तर फोन ठेवा. पैसे घेताना पिन कधीच लागत नाही. पैसे गेलेच तर लगेच सायबर हेल्पलाइन १९३० वर कळवा. खोट्या मालाची तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर करता येते. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. त्यासाठी बिल, आयातदाराचं नाव छापलेलं खोकं आणि जाहिरातीचा स्क्रीनशॉट जपून ठेवा. पलटणीचा पत्ता विक्रेत्याला देऊ नका, माल घरीच मागवा. सुटे लिथियम सेल टपालाने पाठवू नयेत. जवान विमानाने जाणार असेल तर हे सुटे सेल चेक-इन सामानात न टाकता केबिन बॅगेत, टोकं चिकटपट्टीने झाकून न्यावे लागतात.