टिळकवाडीतला जीत कुन डोचा क्लास: ठोसा पक्का, झटापट कच्ची

बेळगावात कराटेचे क्लास गल्लोगल्ली आणि तालमींनाही तोटा नाही. हा क्लास त्या दोन्हींत बसत नाही. काता (ठरलेल्या हालचालींची मालिका) नाही, रंगीत पट्टे नाहीत. सर्टिफिकेटसाठी पोराला घालणाऱ्या पालकांनी आधीच विचारून घ्यावं.

जीत कुन डो म्हणजे ब्रूस लीने १९६७ मध्ये नाव दिलेली लढण्याची पद्धत. पाया विंग चुन या चिनी कुंग फू प्रकाराचा, त्यावर बॉक्सिंग आणि तलवारबाजीतलं अंतराचं गणित. आधी अडवा, मग मारा, असे दोन टप्पे नाहीत. समोरच्याचा वार निघतानाच आपला पोचायला हवा.

सुरुवातीचे आठवडे सरळ ठोशावरच जातात आणि तेच बरोबर आहे. उजव्या हाताच्या माणसाचा उजवाच हात-पाय पुढे, मागची टाच उचललेली, मूठ उभी. आधी हात सुटतो, मग पाय. पाय आधी टेकला तर वजन ठोशात न जाता जमिनीत जातं, शिवाय समोरच्याला चाहूल लागते. कराटेतली पोरं मूठ कमरेशी नेऊन मारतात, तालमीतली वाकून डोकं पुढे काढतात. सर दोन्ही खोडी पॅडवरच मोडतात: ठोशाआधी खांदा हलला की पॅड बाजूला. नडगीवरची रोखलाथ, म्हणजे पुढे येणाऱ्याला थांबवणारी लाथ, हीही अशीच नेटकी शिकवतात, शिन गार्डशिवाय नाही.

घोडं अडतं ते पाक साओवर, म्हणजे समोरचा हात थापटून दाबायचा आणि वरून ठोसा. सरावात जोडीदार हात पुढे ठेवून पुतळ्यासारखा उभा. खरा मारणारा हात लगेच मागे घेतो. मग थाप हवेत जाते आणि आपलंच तोंड उघडं पडतं. हा डाव खुलतो तो आपला ठोसा अडवला जाऊन हाताला हात लागल्यावर. सर हे सांगतात, करून मात्र घेत नाहीत.

आणि कुणी कुस्तीतला एकेरी पट काढला, म्हणजे एक पाय धरून पाडायला आला तर? ‘आत येण्याआधीच थांबवा’ एवढंच उत्तर. कामाचं ते कुठूनही घ्या, असं ही कलाच सांगते. मग शहापूर-अनगोळच्या पोरांना लाल माती ठाऊक असताना आठवड्यातून एकदा पैलवान बोलवायला काय हरकत?

मोजणी कन्नडात, समजावणं मराठीत. अडचण येत नाही. क्लासचे ग्लोव्हज पावसाळाभर ओलसर असतात, स्वतःचे १२ औंसाचे न्यावेत, आत बँडेज बांधून.