मायकल जॅक्सनचा 'हिस्टरी': पहिली सीडी सगळ्यांची, दुसरी त्याची

सरळ सांगते, 'हिस्टरी' घ्यायचा असेल तर डबल सीडीच घ्या आणि तीही बुकलेटसकट. जुना माल विकणारे बरेचदा बुकलेट नसलेला सेट गळ्यात मारतात आणि आपल्यालाही वाटतं गाणी तर आहेत ना, कागद काय चाटायचेत. पण या अल्बममधली निम्मी भानगड त्या जाडजूड बुकलेटमध्येच आहे, त्यावर येतेच पुढे. आणि २००१ मध्ये यातली पहिली सीडी 'ग्रेटेस्ट हिट्स' म्हणून वेगळी काढून विकली होती, ती दिसली तर हातात घेऊन परत ठेवून द्या.

अल्बम जून १९९५ चा. दोन सीड्या, प्रत्येकीत १५ गाणी, एकीत जुनी हिट आणि दुसरीत बहुतेक नवीन माल. पहिलीबद्दल फार काय बोलायचं, लग्नाच्या हळदीपासून गणपतीच्या ऑर्केस्ट्रापर्यंत सगळीकडे वाजून झालंय ते. तरी चांगले हेडफोन लावून 'बिली जीन' एकदा नीट ऐकाच, आधी नुसते ड्रम, मग तो बेस, मग सिंथ, आणि साहेब तोंड उघडेपर्यंत जवळजवळ अर्धं मिनिट गेलेलं असतं. निर्माता क्विन्सी जोन्सला ही सुरुवात फार लांब वाटत होती, कमी कर म्हणून तो मागे लागला होता, तर मायकल म्हणाला की नाही, हे ऐकूनच मला नाचावंसं वाटतं. विषय संपला. 'रॉक विथ यू' १९७९ च्या 'ऑफ द वॉल'मधलं, तेव्हा पोरगा जेमतेम विशीतला आणि आवाज कसला, लोण्यासारखा. तक्रार एकच, 'ह्युमन नेचर' नाही, 'स्मूथ क्रिमिनल' नाही, आणि बीटल्सवाल्या पॉल मॅकार्टनीबरोबरचं ते गुळमुळीत 'द गर्ल इज माइन' मात्र आहे. कोणी निवडली ही गाणी देव जाणे.

आता दुसरी सीडी. ही ऐकायची तर १९९३ माहीत पाहिजे. त्या वर्षी एका १३ वर्षांच्या मुलावर लैंगिक अत्याचार केल्याचा आरोप त्याच्यावर झाला, १९९४ च्या जानेवारीत कोर्टाबाहेर कोट्यवधी डॉलर देऊन दिवाणी दावा मिटला, फौजदारी गुन्हा काही दाखल झाला नाही. त्यानंतरचा हा पहिला अल्बम. त्यामुळे यात प्रेमबीम कमी आणि चिडचिड जास्त, पेपरवाल्यांवर राग, पैशावर राग, पोलिसांवर राग. 'स्क्रीम' तर बहीण जॅनेटला घेऊन अक्षरशः ओरडलाय. 'डी. एस.' नावाचं गाणं त्याच्यामागे लागलेल्या सरकारी वकिलावर आहे, नाव थोडं बदलून, पण कोरसमध्ये इतक्या वेळा म्हटलंय की शेंबड्या पोरालाही कळेल टॉम स्नेडनबद्दल चाललंय. गाणं म्हणून ठीकठाकच. पण गंमत बघा, याच स्नेडनने २००३ मध्ये दुसऱ्या एका मुलाच्या प्रकरणात त्याच्यावर खटला भरला आणि १३ जून २००५ ला ज्युरीने त्याला सगळ्या आरोपांतून सोडलं.

या सीडीवरचं माझं गाणं 'स्ट्रेंजर इन मॉस्को'. त्याच आरोपांच्या काळात, सप्टेंबर १९९३ मध्ये, तो टूरवर मॉस्कोत होता, तिथे लिहिलेलं. बीट एकदम संथ, वरून गिटारची बारीकशी टोचणी, आणि तो नेहमीचा हिही-हूहू जवळजवळ नाहीच, नुसता गातो. शेवटाकडे आवाज वर जातो तेव्हा वाटतं आता फाटणार, पण फाटत नाही. आणि मग एकदम शेवटी रशियन भाषेत कोणीतरी दबक्या आवाजात चौकशी केल्यासारखं बोलतं, पश्चिमेकडून का आलास, कबूल कर, असं काहीतरी. रात्री एकटं असताना ऐकू नका, काटा येतो अंगावर.

'दे डोन्ट केअर अबाउट अस' ढोलावरच उभं आहे, दिग्दर्शक स्पाइक लीने व्हिडिओ ब्राझीलला केला त्यात ओलोडुम या तिथल्या ढोलपथकाचे शेकडो वादक आहेत आणि आपल्याकडे ढोल-ताशा पथकात असलेल्या कोणालाही तो बघताना हात शिवशिवणार. यातल्या दोन ओळींत ज्यूंना शिवी होती, बोंबाबोंब झाल्यावर नंतरच्या आवृत्त्यांत ते शब्द आवाजाखाली दाबून टाकले. त्याचं म्हणणं, मी अन्याय झालेल्यांच्या बाजूनेच गात होतो. असेल, पण शिवी ती शिवीच.

आता बुकलेट. एलिझाबेथ टेलर, स्पिलबर्ग असल्या मोठमोठ्या लोकांनी केलेलं कौतुक आहे. मग त्याने स्वतः काढलेलं एक चित्र, कोपऱ्यात अंग चोरून बसलेला लहान मुलगा, हातात माइक. आणि एका मुलाचं राष्ट्राध्यक्ष क्लिंटनना पत्र: युद्ध थांबवा, प्रदूषण थांबवा, आणि पत्रकारांना मायकल जॅक्सनला त्रास देण्यापासून थांबवा. एकाच दमात! कॉलेजात असताना हे फार गोड वाटायचं. आता २०१९ ची 'लीव्हिंग नेव्हरलँड' ही डॉक्युमेंटरी बघितल्यावर, त्यात दोन मोठे झालेले पुरुष लहानपणी मायकलने आपल्याशी काय केलं ते सांगतात, ते ऐकून झाल्यावर त्या पत्राचं पान मी पटकन उलटते. कोर्टाने सोडलं हे खरं, त्याच्या घरचे सगळं खोटं म्हणतात हेही खरं, पण मुलांना आपल्या बेडवर झोपू देण्यात गैर काय असं तो टीव्हीवर स्वतःच म्हणाला होता, ते कुठे ठेवायचं? 'चाइल्डहूड' लागलं की मी पुढे ढकलते. 'यू आर नॉट अलोन'चं तर विचारूच नका, अमेरिकेच्या चार्टवर थेट १ नंबरला उतरलेलं पहिलं गाणं ते, पण लिहिलंय गायक आर. केलीने, आणि तो अल्पवयीन मुलींच्या शोषणात दोषी ठरून आत आहे. 'स्ट्रेंजर' मात्र मी ढकलत नाही, ढकलवतच नाही. यात तर्क नाही, माहितीये मला.

याच अल्बमची टूर १ नोव्हेंबर १९९६ ला अंधेरीच्या स्पोर्ट्स कॉम्प्लेक्सला आली होती, शिवसेनेच्या शिव उद्योग सेनेतर्फे. विमानतळावर सोनाली बेंद्रेने नऊवारी नेसून ओवाळलं, मायकल मातोश्रीवर जाऊन आला, आणि तेव्हाच्या युती सरकारने करमणूक कर माफ केला म्हणून मुंबई ग्राहक पंचायत कोर्टात गेली. तो कराचा घोळ २०२१ मध्ये मंत्रिमंडळाने पुन्हा माफी दिली तोवर चालू होता, म्हणजे माणूस जाऊनही ११ वर्षं उलटली होती. त्या काळात आमच्याकडे लोकांचं भांडण कर आणि संस्कृती यावर चालायचं, १९९३ च्या त्या आरोपाचं नाव कोणी काढल्याचं मला तरी आठवत नाही.

घ्यायचाच असेल तर कॅसेटच्या नादी लागू नका, टेप आता घासलेल्याच मिळतात आणि 'बिली जीन'चा बेस पार मेलेला असतो. सीडीवर ओरखडे बघून घ्या, विशेषतः पहिलीवर, कारण दुसरी बरेचदा नवीकोरी निघते, लोकांनी लावलेलीच नसते. पहिलीला साडेचार स्टार, अर्धा 'ह्युमन नेचर'साठी कापला. दुसरीला तीन, त्यातले दीड एकट्या 'स्ट्रेंजर'चे.