नाकवाली टाटा की ४०७?

नाशिकचा टोमॅटो रातोरात मुंबईला धाडायचा, तर नव्वदीच्या सुरुवातीला आमच्यापुढे दोन गाड्या असायच्या: नाकवाली, म्हणजे पुढे बॉनेट निघालेला मोठा ट्रक टाटा १२१०, आणि १९८६ साली आलेली टाटाचीच छोटी ४०७.

मोठीत माल दांडगा मावायचा, भाडंही क्रेटमागे स्वस्त. पण ती भरेपर्यंत रात्रीचे दहा वाजत. मग कसारा घाट! खालच्या गिअरात इंजिन कण्हत उतरायचं, आणि क्लीनर चाकाखाली लावायचा लाकडी ठोकळा मांडीवर घेऊन दारालाच चिकटलेला. झोपेल कसला?

४०७ दोन-अडीच टनांतच भरायची, संध्याकाळीच सुटायची. भायखळ्याच्या भाजीबाजारात पहाटेचा भाव तिलाच मिळे. कांद्याला मोठी ठीक, तो थांबतो. टोमॅटोला मात्र मी डोळे मिटून ४०७ सांगायचो, भाडं जास्त पडलं तरी.