आयजीबीटी मॉड्यूलचं तापमान: एनटीसी की ऑप्टिकल फायबर?

मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४५ अंशांपर्यंत जातो. अशा उन्हात सोलर इन्व्हर्टरच्या हीटसिंकला गार हवा मिळतच नाही. तेव्हा इन्व्हर्टरमधल्या आयजीबीटी मॉड्यूलची (वीज वेगाने चालू-बंद करणाऱ्या स्विचचा संच) चिप खरंच किती तापली, हे कळायलाच हवं.

बऱ्याच मॉड्यूलमध्ये एनटीसी (तापला की रोध कमी होणारा सेन्सर) आधीच बसवलेला असतो: २५ अंशांना ५ किलोओहम, १०० अंशांना साधारण ५०० ओहम. स्वस्त आणि भरवशाचा. पण तो चिपवर नसतो, बाजूला सिरॅमिकवर असतो. लोड एकदम वाढला की चिप मिलिसेकंदांत तापते, एनटीसीला ते कळायला काही सेकंद जातात.

दुसरा पर्याय ऑप्टिकल फायबर. तो काचेचा, त्यामुळे हाय व्होल्टेज आणि स्विचिंगचा त्रास नाही. फायबरमध्ये कोरलेली ब्रॅग ग्रेटिंग ही बारीक जाळी ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश परत पाठवते; ती तरंगलांबी १५५० नॅनोमीटरजवळ दर अंशाला सुमारे १० पिकोमीटर सरकते. घोळ इथेच होतो: ताणानेही ती सरकते. अवघा ८ मायक्रोस्ट्रेन ताण (लांबीत दहा लाखांत ८ भागांचा बदल) म्हणजे जवळपास एक अंशाची चूक. म्हणून ग्रेटिंग चिपला कधीही चिकटवू नका. बाँड वायरच्या (चिपला जोडलेल्या बारीक तारांच्या) मधल्या फटीत बारीक नळी टेकवा, आत फायबर सैल सोडा, टोक मोकळं ठेवा. कोटिंग पॉलिइमाइडचंच घ्या; साधं ॲक्रिलेट ८५ अंशांपुढे टिकत नाही.

यासाठी चिपवरची इन्सुलेशनची सिलिकॉन जेल काढावी लागते. परत भरताना बुडबुडा राहिला, तर तिथेच विद्युत डिस्चार्ज सुरू होतो. म्हणून उघडलेलं मॉड्यूल टेस्ट बेंचवरच वापरा. चालत्या प्लांटला एनटीसीच बरा. त्याच्यावरून चिपचं तापमान काढणारं गणित, म्हणजे थर्मल मॉडेल, मात्र फायबरच्या रीडिंगवर जुळवून घ्या, आणि इंटरॉगेटर (ग्रेटिंगची तरंगलांबी वाचणारं यंत्र) किमान १ किलोहर्ट्झचा हवा.