विमानाच्या आधी पोचलेलं पोस्टकार्ड

३६,००० रुपये रोख मोजून मी एक बनावट पोस्टकार्ड घेतलं. बावीस वर्षं हवाई टपालाची तिकिटं आणि कव्हरं (म्हणजे टपालातून गेलेली, शिक्के असलेली पाकिटं) जमवतोय, तरी फसलो. सगळं सविस्तर लिहितोय, कारण त्याच हातचा माल आणखी कुणाच्या तरी अल्बममध्ये जाणार याची मला खात्री वाटते.

आमचं घर नाशिकरोडचं, आजोबा सिक्युरिटी प्रेसमध्ये होते. २२ ऑक्टोबर १९२९ ला भारताची हवाई टपालाची पहिली तिकिटं निघाली, दोन आण्यांपासून बारा आण्यांपर्यंत सहा. ती याच प्रेसमध्ये छापली गेली. पंचम जॉर्जचा मुखवटा आणि बाजूला उडणारं डी हॅविलँड हर्क्युलिस विमान. आजोबांनी जपलेला तो संच माझ्याकडे आला आणि तिथून हा नाद लागला. पुढे कराची-मुंबई टपालाची कव्हरं जमवली, १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटांनी स्वतः विमान चालवत जुहूला आणलेल्या टपालाच्या काळातली. पण मनात एकच गोष्ट होती: अलाहाबाद, १९११.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. १८ फेब्रुवारी १९११ ला आँरी पेके नावाच्या २३ वर्षांच्या फ्रेंच वैमानिकाने अलाहाबादच्या प्रदर्शनाच्या मैदानावरून साधारण साडेसहा हजार पत्रं घेऊन हंबर-सॉमर जातीचं दुपंखी विमान उडवलं. यमुना ओलांडून नैनीला उतरला. अंतर जेमतेम दहा किलोमीटर, वेळ तेरा मिनिटं. विमानाने नेलेलं जगातलं हे पहिलं अधिकृत टपाल, आणि ते आपल्याकडे झालं! एका पत्रामागे सहा आणे जादा घेतले, ते तिथल्या विद्यार्थी वसतिगृहाला गेले. पत्रांवर गोल शिक्का मारला, विमान आणि डोंगर असलेला, बहुतेक किरमिजी शाईचा. तिकिटांचा उल्लेख इथे मुद्दाम करत नाही, कारण हवाई टपालासाठी वेगळं तिकीट तेव्हा नव्हतंच. सगळी किंमत त्या शिक्क्याची. आणि शिक्का तर कुणीही करून घेऊ शकतो.

मुंबईतल्या एका प्रदर्शनाच्या बाहेर चहाच्या टपरीवर तो भेटला. पस्तिशीचा, नीटनेटका, बोलायला नम्र. वर सांगितलेली हकिगत त्याने मला सगळी सांगितली, एकही तपशील चुकला नाही. तीच माझी चूक झाली. तो जे जे सांगत होता ते खरं होतं, म्हणून हातातलं कार्डही खरंच असणार असं मी धरून चाललो. "काका, हे डीलरच्या हाती गेलं तर परदेशात जाईल. तुमच्याकडे राहिलं तर बरं वाटेल मला," असं म्हणाला. वाड्यातल्या पेटीत सापडल्याची गोष्ट होतीच.

चित्राचं पोस्टकार्ड, मुंबईचा पत्ता, पाव आण्याचं करड्या रंगाचं सातव्या एडवर्डचं तिकीट. मी तेवढी खबरदारी घेतली होती. पंचम जॉर्जची तिकिटं डिसेंबर १९११ मध्ये निघाली, त्यामुळे त्यांपैकी एखादं असतं तर मी तिथेच उठलो असतो. सोबत तज्ज्ञांच्या प्रमाणपत्राची झेरॉक्स होती. "मूळ कागद घरी आहे, कुरिअर करतो." मी मोजले पैसे.

दोन आठवड्यांनी पुण्याच्या एका जुन्या संग्राहकांना कार्ड दाखवलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि एवढंच विचारलं, "किरमिजी शिक्का नेमका जुन्या काळ्या शिक्क्यावरच का बसलाय हो?"

घरी आलो. गणपतीच्या मखराला आणलेला लाल जिलेटिन कागद होता, त्याचा तुकडा डोळ्यांसमोर धरून कार्डाकडे पाहिलं. लाल कागदातून किरमिजी शाई जवळजवळ नाहीशी होते, काळी मात्र उठून दिसते. तिकिटावर अलाहाबादचा साधा शिक्का स्पष्ट वाचता आला, १० फेब्रुवारी. पत्त्याच्या खाली मुंबई पोचल्याचा शिक्का, १२ फेब्रुवारी. म्हणजे विमान उडण्याआधी सहा दिवस हे कार्ड मुंबईत पोचलेलं होतं. कार्ड खरं, तिकीट खरं, अलाहाबादही खरं. तारखा झाकण्यासाठी दोन्हीकडे किरमिजी शिक्का जाड मारलेला. हात थरथरत होते माझे.

मग झेरॉक्स काढली. प्रमाणपत्रातल्या फोटोत तिकिटाच्या दातेरी कडेचा, डाव्या बाजूचा वरून तिसरा दाता तुटका आहे. माझ्या तिकिटाचे सगळे दाते शाबूत. प्रमाणपत्र दुसऱ्याच कार्डाचं. भिंग जवळ असूनही मी त्या टपरीवर ते वापरलं नव्हतं, केवळ समोरच्या माणसाला अवघड वाटू नये म्हणून.

फोन बंद. पोलीस चौकीत गेलो, तेव्हा त्यांनी पावती मागितली. पावती होती! तिच्यावर लिहिलेलं होतं, "जुने पिक्चर पोस्टकार्ड, नग १". अलाहाबाद नाही, १९११ नाही, विमान नाही. घेताना मी फक्त रक्कम आणि सही बघितली होती. अशा वेळी वस्तूचं पूर्ण वर्णन, तारीख आणि खोटं निघाल्यास पैसे परत करण्याची ओळ पावतीवर लिहून घ्या. जो लिहून देत नाही त्याच्याकडून घेऊ नका. प्रमाणपत्राचा मूळ कागद हातात आल्याशिवाय पैसे सोडू नका, आणि त्यातला फोटो व तुमचं तिकीट यांचा एकेक दाता मोजून पडताळा. नुसता इतिहास पाठ असून भागत नाही, तो त्यालाही पाठ असतो.

गेल्या महिन्यात एकजण भेटले. सगळं माहीत असूनही ते म्हणाले, "पाच हजारांना द्या, मी माझ्या जोखमीवर घेतो." मी दिलं नाही. कार्डाच्या चित्राच्या बाजूला पक्क्या शाईने "हवाई शिक्का बनावट" असं लिहिलं, खाली तारीख टाकली, आणि ते आजोबांच्या १९२९ च्या संचापासून वेगळ्या पाकिटात ठेवून दिलं.